तिसरा जीव

माझ्या भावाने माझी उडी त्याच्या बायकोला देऊन टाकली आणि मला साधं विचारलंही नाही. एवढ्यावरून कुणाला काही कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. पण राग आधी सांगून टाकला, जरा बरं वाटलं.

मी आठवीत होते तेव्हा आमच्या घरात टीव्हीचा गेम आला. नाशिकरोडला जेल रोडवर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. भाऊ पाचवीत, त्याला कावीळ झालेली, आणि डॉक्टरांनी महिनाभर घरातच पडून राहायला सांगितलेलं. तो काही पडून राहणाऱ्यातला नव्हता. आईचा डोळा चुकला की गल्लीत. शेवटी वडील वैतागले आणि एका संध्याकाळी एक काळा डबा घेऊन आले. डब्याला दोन रिमोट आणि वर खुपसायची एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर शंभर गेमची चित्रं होती, पण धड चालायचा तो एकच.

तो गेम एका जुन्या कार्टूनवरचा होता. कार्टून वडिलांच्या लहानपणाहूनही जुनं, काळं-पांढरं, त्यात कुणी बोलायचं नाही, नुसती पिपाणी वाजायची. टीव्हीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की ते लावायचे. ठिगळाची विजार घातलेलं एक गाढव, त्याच्या मागे हात धुऊन लागलेला मिशाळ बोका, आणि छत्री धरून वरून तरंगत येणारी कोंबडी. गेममध्ये हीच मंडळी रंगीत होऊन आली होती. गाढवाने डावीकडून उजवीकडे पळत सुटायचं, खड्डे ओलांडायचे, फळ्यांवरून फळ्यांवर जायचं, वाटेत गोल गोल काहीतरी लटकलेलं असायचं ते गोळा करायचं. ते नक्की काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही त्याला चकल्या म्हणायचो.

दुसरा रिमोट आठवड्याभरातच बंद पडला. गाढवाला जीव तीन, आम्ही दोघं, आणि रिमोट एक. पहिला जीव माझा, कारण मी मोठी. दुसरा त्याचा. तिसऱ्यावरून रोज मारामारी. मी त्याचे केस ओढायचे, तो मला चावायचा, आणि डोळे पिवळे असलेल्या मुलाला परत मारता यायचं नाही म्हणून मी रडायचे.

आमची आई पिंपळगावकडची. तिच्या माहेरी पाच भावंडं, त्यामुळे वाटणीत तिचा हात कुणी धरणार नाही. दोन माणसांत तीन पोळ्या असल्या की एकेक वाढून तिसरी ती मधोमध फाडते, आजही. पेरू, चिक्कू, बिस्कीट, काहीही असो. एके दिवशी ती लाटणं घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, "येक त्याचा, येक तुझा, ऱ्हायलेला अर्धा-अर्धा. आता आवाज आला तं डबाच फेकून देईन."

दुसऱ्या कुठल्या घरातल्या मुलांनी तिसरा जीव आळीपाळीने घेतला असता. आम्हाला ते सुचलंच नाही. आई अर्धा-अर्धा म्हणाली होती, म्हणजे फाडायचाच. रिमोटच्या डाव्या बाजूला चालायची बटणं, उजव्या बाजूला उडीचं. आम्ही मांडीला मांडी लावून बसलो, रिमोट मध्ये धरला, डावी बाजू त्याने घेतली आणि उजवी मी. त्याने गाढव चालवायचं, मी उडवायचं. तो म्हणायचा, "आता!" की मी बटण दाबायचं.

सुरुवातीला आम्ही दर खड्ड्यात पडलो. मग जमलं. मग असं जमलं, की आपापल्या जिवापेक्षा तिसऱ्यात आम्ही लांब जायला लागलो. पुढे पुढे त्याला "आता" म्हणावंही लागायचं नाही. त्याचा खांदा ताठ झाला की मला कळायचं, खड्डा आला. पहिले दोन जीव तर आम्ही घाईघाईने उडवून टाकायचो, तिसरा लवकर यावा म्हणून.

अडलो ते पवनचक्कीपाशी. चौथ्या टप्प्यात एक प्रचंड पवनचक्की होती, तिच्या फिरत्या पात्यांवरून उड्या मारत वर जायचं होतं. तेव्हाच्या डब्यात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचं, तासाभराने पवनचक्कीपाशी पोचायचं, आणि तिथे पडायचं नाहीतर लाइट जायची. चार वर्षं आम्ही त्या पवनचक्कीखाली मेलो. पुढे मी शिकायला बाहेर पडले, मग नोकरी, मग लग्न, आणि डबा कधीतरी भंगारात गेला. मी तेव्हा म्हटलं होतं, ती पवनचक्की राहिलीच रे. तो म्हणाला होता, राहू दे, आपण करू कधीतरी. मी हे लक्षात ठेवलं होतं. असल्या गोष्टी लक्षात ठेवायला माझ्यासारखी दुसरी नाही.

आता मी चांदवडला असते. तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, नवरा आणि दोन मुली आहेत, सगळं ठीक आहे. यंदा आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आठ दिवसांची रजा टाकली आणि कांद्याची अर्धी गोणी घेऊन एसटीने नाशिकला आले. भावाने जेल रोडचं घर विकून पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतलाय. त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली. भावजय सटाण्याकडची. सकाळी एका दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर काम करते आणि दीडपर्यंत घरी येते.

तिच्यात नाव ठेवायला जागा नाही, आणि तीच माझी अडचण. आईच्या डोळ्यात कुठले थेंब किती वाजता घालायचे याचा तक्ता करून तिने फ्रिजला चिकटवला होता. घातला की खूण करायची. ऑपरेशन आदल्याच दिवशी उरकलं होतं, आणि मी आले त्या दिवशी सकाळपासूनच्या सगळ्या खुणा झालेल्या. आईचे केस विंचरलेले, काळा गॉगल डोळ्यांवर, आणि आई खुर्चीत बसून, सुनेने चिरून दिलेली पपई काट्याने खातेय. आमची आई, काट्याने! मी आठ दिवसांची रजा काढून कशाला आले, असा प्रश्न मला दारातच पडला.

संध्याकाळी सहाला भाऊ कामावरून आला. चहा झाला. मग त्याने टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला आणि काड्यापेटीच्या दुप्पट असेल एवढी एक डबी काढून टीव्हीला जोडली. "ताई, बघ हां आता," म्हणाला. तीच पिपाणी वाजली. पडद्यावर तेच गाढव, तीच ठिगळाची विजार. हल्ली असले जुने गेम एका डबीत भरून मिळतात म्हणे, त्यात आपलाही सापडला. मी हातातली कपबशी खाली ठेवली आणि पदर खोचला. रिमोट आता माझ्या हातात येणार, असंच मला वाटत होतं.

त्याने रिमोट बायकोकडे दिला. पहिला जीव ती खेळली. दुसरा तो. आणि तिसरा जीव आला तेव्हा ती उठून त्याच्या उजवीकडे सरकली, मांडीला मांडी लावून बसली, आणि रिमोटची उजवी बाजू तिने धरली.

"आता!" तो म्हणाला. तिने उडी मारली.

मला काय झालं ते सरळ सांगते. मला तिचा अंगठा पिरगाळावासा वाटला. नवरा-बायको आहेत, घर त्यांचं, संसार त्यांचा, त्यांनी कसंही बसावं. पण ती जागा माझी होती. ती आईने लाटणं हातात घेऊन मला दिली होती. त्याने बायकोला दागिने द्यावेत, घर नावावर करावं, माझं काही म्हणणं नाही. तिसरा जीव त्याने वाटायला नको होता.

"ताई, तुम्ही घ्या ना," मध्येच तिने विचारलं.

"छे, मला कुठलं येतंय आता," मी म्हटलं आणि उगाच आईच्या गॉगलला नसलेली धूळ पुसत बसले. तिने अजून एकदा म्हणावं म्हणून थांबले होते. ती एकदाच म्हणाली.

मग भावाने ते सांगितलं. मान वळवून, तोंडभर हसत. "ताई, पवनचक्की ओलांडली आम्ही! मागच्या महिन्यात. आता फक्त बोक्याचा किल्ला उरलाय. तो झाला की संपला गेम."

आम्ही. मी "अरे वा" म्हटलं. जेवताना भाजी अळणी आहे म्हणाले. ती अळणी नव्हती. आईने गॉगलमधूनच माझ्याकडे तोंड वळवून म्हटलं, "मला तं बराबर लागती बाई." मी त्यावर मीठ घेतलं आणि खारट भाजी मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशीही संध्याकाळी तेच. मी भिंतीला टेकून मटार सोलत होते आणि तिच्या चुका मोजत होते. ती बटण फार जोरात दाबते. तिच्या बांगड्या वाजतात. गाढव पडलं की ती जीभ चावते. भाऊ मात्र मजेत. त्याचा खांदा ताठ झाला की तिला कळतं का, ते मी बघत होते. कळत होतं. "आता" म्हणायच्या आतच तिचा अंगठा खाली गेलेला असायचा. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणजे मी तिथे बसलेच नसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई झोपली होती. भावजय कामावरून येऊन, जेवून, आईचे संपत आलेले थेंब आणि भाजी आणायला गेली. घरात मी एकटी. ड्रॉवर उघडला. मला फक्त पवनचक्की बघायची होती, देवाशपथ. आपण चार वर्षं जिच्याखाली मेलो ती वरून कशी दिसते, एवढंच.

पण डबीत खेळ साठवलेला राहतो. चालू केलं की थेट बोक्याचा किल्ला. पवनचक्की केव्हाच मागे गेली होती. पहिला जीव मी पाच पावलांत घालवला. दुसराही. तिसऱ्याला दोन्ही बाजू मीच धरल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मला चालताच येत नाही. उजवा अंगठा सगळं विसरला नव्हता. डावा मात्र ठार अडाणी. गाढव भिंतीवर जाऊन आपटत होतं आणि मी रिकाम्या जागी उड्या मारत होते. एरवी पहिला जीव मी एकटीच खेळायचे की, पण ते पंचवीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हाही घाईघाईने.

गाढव मेलं. पडद्यावर पाटी आली. नवा खेळ सुरू केल्यास आधीचा साठवलेला खेळ पुसला जाईल. पुसायचा? हो, नाही.

पाटी इंग्रजीत होती. मी शाळेत इंग्रजी शिकवते. वाक्य कळलं नाही असं मला म्हणता येणार नाही. मी ते दोनदा वाचलं. मुलांना सांगते तसं, प्रश्न नीट वाचा मग उत्तर लिहा. मग "हो" वर नेऊन बटण दाबलं.

पिपाणी पहिल्यापासून वाजायला लागली. गाढव अगदी सुरुवातीच्या कुंपणापाशी उभं. मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू. घटकाभर फारच छान वाटलं. मग मागे पिशवीचा आवाज झाला. भावजय दारात उभी होती, एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात थेंबांची बाटली. ती कधीपासून उभी होती, देव जाणे. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या.

"ताई, चहा टाकू?" ती म्हणाली.

त्या संध्याकाळी भावाने डबी जोडली आणि ओरडलाच. "अरे! किल्ला कुठे गेला? हे पहिल्यापासून कसं सुरू झालं?" मी स्वयंपाकघरात होते. कणकेत हात. बाहेर जाऊन सांगावं म्हणून मी खरंच एक पाऊल टाकलं होतं.

"माझ्याकडून उडालं," भावजय बाहेरून म्हणाली. "दुपारी पुसताना काहीतरी भलतंच दाबलं गेलं."

"अगं, पुसताना? दोन महिने लागले होते आपल्याला! जरा बघून हात लावावा माणसाने," तो म्हणाला. आणि वर, "ताईच्या हातून असं कधी झालं नसतं."

मी कणीक तिंबत राहिले. इतकी तिंबली, की पोळ्या नेहमीपेक्षा मऊ झाल्या आणि आईने कौतुक केलं. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा जास्त दुसरंच काहीतरी होतं. मला तिचा हेवा वाटत होता. उडी तिची, पवनचक्की तिची, आणि आता मोठेपणासुद्धा तिचाच. चूक माझी असून तिथेही तीच पुढे निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी आईच्या डोळ्यांत थेंब घातले. तिने पापणी वर धरली, मी थेंब सोडला. तिने तक्त्यावर खूण केली. आई डोळे मिटून आडवी झाली, तसं मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती मेथी निवडत होती. तिचा फोन चालू होता, तिच्या आईचा असावा. "हां, बठ्ठं बरं शे," सगळं बरं आहे, असं अहिराणीत सांगून तिने फोन ठेवला.

"काल तू तसं का सांगितलंस?" मी विचारलं. "मी पुसलं ते. तू बघितलंस."

"बघितलं."

"मग? माझ्यावर उपकार करायचे होते?"

तिने मेथीचं एक पान तोडलं, बघितलं, टाकून दिलं. "उपकार कसले ताई. खरं सांगू? रागावू नका. तुम्ही पुसलंत ना, तेव्हा मला बरंच वाटलं. मी महिन्यापासून तेच करायचं म्हणत होते, धीर होत नव्हता."

"धीर? कशासाठी?" मी विचारलं.

"गाढव खड्ड्यात पडलं, की हे काय म्हणतात माहितीये?" ती म्हणाली. "'ताईने बरोबर घेतली असती.' दर वेळी. लग्नापासून चार वर्षं ताईचं ऐकतेय, ही डबी आल्यापासून तर रोज. ताई न सांगता उडी मारायची. ताईला खांद्यावरून कळायचं. मग मी पण खांदा बघायला शिकले. दुपारी तुमच्या आई झोपल्या, की एकटी बसून नुसत्या उड्या मारायची. नुसत्या उड्या, गाढव जागच्या जागी. म्हटलं, एकदा तरी हे म्हणतील की ताईपेक्षा बरी."

"म्हणाला का?"

"पवनचक्की ओलांडली तेव्हा मला वाटलं, आता म्हणतील. तर उठले आणि म्हणाले, 'थांब, ताईला फोन करतो, ती वेडी होईल.' मी म्हटलं, नको, आत्ता त्या शाळेत असतील." तिने खाली बघितलं. "रविवार होता ताई. त्यांच्याही लक्षात नाही आलं. नंतर राहूनच गेलं."

मी तिच्यासमोर बसले आणि मेथीच्या दोन-चार काड्या ओढून घेतल्या. हा फोन मला यायला हवा होता. महिनाभर मी चांदवडला बसून होते आणि माझा फोन इथे कुणीतरी थांबवला होता. रागवायला हवं होतं. पण बाई, इतके दिवस मी जिचा हेवा करत होते ती रोज दुपारी माझाच हेवा करत बसली होती, आणि तोही माझ्याहून जास्त चिकाटीने. मी निदान रागात एकदाच बटण दाबलं. हिने दोन महिने रोज उड्या मारल्या.

"आज मी त्याला सांगते," मी म्हटलं. "मी पुसलं म्हणून."

"राहू द्या हो."

"राहू काय द्या? मी सांगणार."

सहाला भाऊ आला. चहाचा घोट घ्यायच्या आधीच मी म्हटलं, "अरे ऐक, तो तुझा खेळ मी पुसला. हिने नाही."

तो हसला. "तू?"

"मीच. आल्यापासून पोटात दुखत होतं माझ्या. पवनचक्की माझ्याशिवाय ओलांडलीस म्हणून. पाटी आली, वाचली, आणि हो दाबलं."

"ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू तिला पाठीशी घालतेयस ना? अगं, मी रागावलो नाहीये आता. झालं ते झालं."

"मी खोटं बोलतेय का?"

"तू असं करणारच नाहीस. मी ओळखत नाही का तुला?"

मी आईकडे वळले. "आई, तू सांग याला."

आईने गॉगल सावरला. "तू कशाला करशील गं? लहानपणी सोताचा जीव त्याला द्यायचीस तू. मला समदं म्हाईत हाय."

ते खोटं होतं. मी माझा जीव कधीच कुणाला दिला नव्हता, मी तिसऱ्यासाठी तो लवकर उडवायचे. पण आईने ते पंचवीस वर्षं असंच लावून ठेवलं होतं आणि भावानेही. तीन दिवस मला हेच तर ऐकायचं होतं, की मी म्हणजे मी, माझ्यासारखी दुसरी नाही. आता दोघं ते माझ्या तोंडावर सांगत होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. कारण त्यांच्या मनातली माझी जागा जेवढी पक्की, तेवढी ती चूक तिच्या गळ्यात पक्की. भावजय कप उचलत होती. तिने एक कप दुसऱ्यात जरा जोरात ठेवला आणि आत गेली.

भावाने डबी जोडली. पहिला जीव तो खेळला, दुसरा मला दिला, मी कुंपणाशीच घालवला. तिसरा जीव आला. तो सरकला, उजवीकडची जागा हाताने झटकली आणि म्हणाला, "ये ताई. आज तू. किती वर्षांनी!"

खरं सांगते, मी जाणारच होते. माझे गुडघे उठलेसुद्धा होते. चार दिवस नव्हे, जेल रोडचं घर सोडल्यापासून मी याच आमंत्रणाची वाट बघत होते. जागा रिकामी होती, त्याचा खांदा तिथे होता.

"ऊठ तू," मी त्याला म्हटलं.

"काय?"

"ऊठ म्हटलं ना. डावीकडे मी बसते." आणि आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. उडी तुझी."

ती ओले हात पुसत आली आणि दारातच थांबली. "ताई, तुम्हाला चालवता कुठे येतं," ती हळूच म्हणाली. तिने काल दारातून तेवढंही पाहिलं होतं तर.

"नाही येत. बस."

ती बसली. मी आयुष्यात पहिल्यांदा रिमोटची नुसती डावी बाजू धरली. भाऊ मागे उभा, आई खुर्चीत. गाढव निघालं, कुंपण गेलं, आणि पुढे तो पहिला खड्डा, जो आम्ही लहानपणी डोळे मिटून ओलांडायचो. डावीकडून बघताना तो केवढा मोठा दिसतो हे मला माहीतच नव्हतं. उडी मारणाऱ्याला काय, सांगितलं की दाबायचं. खड्डा आधी बघायचा तो चालवणाऱ्याने, आणि मग शेजारचा अंगठा वेळेवर पडतो का याची वाट बघायची. एवढी वर्षं भाऊ हे करत होता आणि मला वाटायचं, सगळी कमाल माझ्या उडीची.

"आता!" मी ओरडले. फार उशिरा. गाढव खड्ड्यात.

"अगं, उडी चुकली तुझी," भाऊ मागून बायकोला म्हणाला.

"तिची नाही," मी म्हटलं. "मी उशिरा सांगितलं."

"बरं बरं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून मला कळलं, हेही त्याला खरं वाटलेलं नाही.

भावजयीने माझ्याकडे बघितलं नाही. रिमोट मात्र सोडला नाही. "ताई, पुन्हा," ती म्हणाली. "आणि या वेळी सांगू नका. नुसतं चाला. मी खांद्यावरून बघते."